घ्याल तेवढे ओता : बंबाचा हिशेब आणि घराची शिस्त

मराठीत ‘बंब’ हा शब्द दोन वस्तूंना आहे. एक बंब आग विझवायला धावतो आणि दुसरा पोटात आग घेऊन न्हाणीघरात उभा असतो. एकमेकांच्या अगदी उलट काम करणाऱ्या या दोन वस्तूंचे नाव एकच कसे, हे कोडे मला बरीच वर्षे छळत होते. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात. हिंदीत पाण्याच्या नळाला किंवा पंपाला ‘बंबा’ म्हणत. मुंबईत अग्निशमन केंद्राला आजही जुनी माणसे ‘बंबाखाना’ म्हणतात. तेव्हा पाणी साठवणारी, तोटीतून पाणी देणारी धातूची उभी वस्तू म्हणजे बंब, असा अर्थ पसरत गेला असावा असे मानायला जागा आहे. आगीचा संबंध दोन्हीकडे आहे, पण नाव पाण्यावरून पडले आहे.

दिवाळीच्या अंकात बंबावर लिहायचे कारण वेगळे सांगायला नको. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून घासलेला, गळ्यात झेंडूची माळ घातलेला तांब्याचा बंब पन्नाशीपुढच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे असेल. मात्र या लेखाचा हेतू आठवणी काढण्याचा नाही. घरातल्या एका साध्या सुखाचा, म्हणजे बादलीभर गरम पाण्याचा, खर्च कोण आणि कसा भरत आला, हे बंबाच्या निमित्ताने पाहायचे आहे.

बंब चालतो कसा?

बंबाची रचना वरवर साधी दिसते. बाहेर तांब्याचे पिंप, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली एक नळी, नळीच्या तळाशी लोखंडी जाळी आणि जाळीखाली राख पडायला व हवा आत यायला मोकळी जागा. नळीच्या तोंडातून करवंट्या, कोळसे, लाकडाच्या ढलप्या, शेणीचे तुकडे आत टाकायचे. पाणी असते ते नळी आणि पिंप यांच्यामधल्या जागेत.

यातील हुशारी अशी की विस्तव पाण्याच्या खाली नसून पाण्याच्या आत आहे. चुलीवर हंडा ठेवला की जाळ हंड्याच्या बुडाला चाटून बाजूने निघून जातो. आच चुलीच्या भिंतींना लागते, स्वयंपाकघराला लागते, फुंकणाऱ्याच्या तोंडाला लागते. पाण्याला मिळतो उरलेला वाटा. बंबात जाळाच्या चारही बाजूंना पाणीच आहे. शिवाय नळी उभी असल्याने ती धुराड्याचे काम करते. तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते आणि विस्तव आपोआप फुलतो. म्हणून एकदा पेटलेल्या बंबाला फुंकणी फारशी लागत नाही.

हीच युक्ती रशियातल्या समोवारमध्ये आहे. त्या शब्दाचा अर्थच ‘स्वतः उकळणारा’ असा होतो. काश्मीरमध्ये चहा आणि काहव्यासाठी वापरतात तो समावार याच घराण्यातला. आणि हीच युक्ती आडवी करून, एका नळीच्या जागी अनेक नळ्या घालून वाफेचे इंजिन धावले. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या १८२९ सालच्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या २५ नळ्या होत्या. आतून जाळ, बाहेरून पाणी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या इंजिनांतही तत्त्व तेच होते. न्हाणीतला बंब हा त्या बॉयलरचा घरगुती भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की बंब वरून उघडा असल्यामुळे त्यात वाफेचा दाब साठत नाही. म्हणून तो घरात सांभाळता येतो.

तांबेच का? तांबे लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी चांगले उष्णतावाहक आहे आणि ते लोखंडासारखे गंजून झिजत नाही. तसे ते मऊ. पण थंड पत्रा हातोडीने ठोकत गेले की तो कठीण होतो. या ठोकण्याला तांबट मंडळी ‘मठारणे’ म्हणतात. भांड्यावर ओळीने उठलेल्या त्या खुणा आपण नक्षी म्हणून पाहतो, पण त्या मुळात पत्र्याला ताकद देण्यासाठी असतात. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून या कामासाठी ओळखली जाते. आज तिथे शोभेच्या वस्तू आणि पाणी पिण्याची भांडी जास्त घडतात. बंब क्वचितच.

एका बादलीचा हिशेब

आता थोडे आकडे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. बादली १५ लिटरची धरू. थंडीतले पाणी २० अंशांचे आणि आंघोळीला हवे ते ४५ अंशांचे. म्हणजे २५ अंशांची वाढ. १५ गुणिले २५ म्हणजे ३७५ किलोकॅलरी. ही एका बादलीची किंमत. ती बंबाने भरा, गॅसने भरा की विजेने भरा, पाणी यात एक पैचीही सूट देत नाही. फरक पडतो तो वाटेत किती सांडते यात.

सुक्या सरपणातून किलोमागे सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी मिळतात. उघड्या चुलीवर त्यातील दहा ते पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोचतात. म्हणजे दहा टक्के धरले तर एका बादलीला एक किलोहून थोडे अधिक लाकूड. पाच माणसांच्या घरात रोज पाच किलो, तेही केवळ आंघोळीसाठी. डोक्यावरची मोळी वीस किलोंची धरली तर ती चार दिवसांत संपली. भाकरी अजून थापायचीच आहे.

बंबात समजा उष्णतेचा तिसरा हिस्सा पाण्याला मिळाला, तर तीच बादली सव्वातीनशे ग्रॅम जळणात तापते. शिवाय करवंटी, ढलपी, वाळली शेणी असे चुलीत पटकन जळून जाणारे किडूकमिडूक बंबाला चालते. म्हणजे बंब घेऊन घराने श्रीमंती मिरवली असेल, पण त्यासोबत सरपणाच्या मोळ्याही कमी केल्या.

जिथे बंब परवडत नव्हता तिथे दुसरी युक्ती होती. चुलीला जोडून मातीचा वैल असे. चुलीतून निसटणारी आच त्या भोकातून वर येई आणि तिच्यावर ठेवलेले पाणी फुकटात कोमट होई. अंगणात तीन दगडांचे चुलाण घालून त्यावर हंडा चढवणे हा तिसरा मार्ग. विदर्भ-मराठवाड्यात त्याखाली तुराट्या आणि पऱ्हाट्या जळत, कोकणात सोडणे आणि झावळ्या. पीक बदलले की पाणी तापवायचे जळण बदलत असे.

ओतण्याचा नियम

बंब असलेल्या घरात एक नियम सगळ्यांना पाठ असे. एक बादली गरम पाणी काढले की एक बादली गार पाणी वरून ओतायचे. लहानांना तो दटावून शिकवला जाई : “काढलंस ना? मग ओत आधी!” पाहुण्यालासुद्धा हा नियम आडून सांगितला जाई. कोणी न ओतता निघून गेला तर घरात त्याची चर्चा दिवसभर चाले.

हा नियम आपण संस्काराच्या खात्यात टाकतो. पुढच्याची काळजी घ्यावी, आपल्यापुरते पाहू नये, वगैरे. ते खरेच आहे. पण त्याच्या मुळाशी धातुशास्त्र आहे.

बंबाचे सांधे डाख देऊन जोडलेले असतात. तांबे १०८५ अंशांना वितळते, डाख त्याच्या पुष्कळ आधी. नळीभोवती पाणी आहे तोवर नळी शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण पाणी तिची उष्णता सतत काढून घेते. पाण्याची पातळी खाली गेली आणि आत विस्तव धगधगता राहिला, की नळीचा उघडा पडलेला भाग तापत जातो, डाख सुटतो आणि बंब गळू लागतो. म्हणून जाणत्या घरात बंबात पाणी भरल्याशिवाय काडी लावत नसत आणि विस्तव असेपर्यंत तो रिकामा होऊ देत नसत.

रेल्वेच्या बॉयलरमध्येही हीच भीती होती. तिथे जाळाच्या पेटीच्या माथ्यावर सहज वितळणाऱ्या धातूचे बूच बसवलेले असे. पाणी कमी पडले की ते वितळून वाफ जाळावर येई आणि चालक सावध होई. घरच्या बंबाला असे बूच नव्हते. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला एक वाक्य शिकवून ठेवलेले होते.

म्हणजे इथे एका वस्तूच्या कमजोरीने घराला शिस्त लावली. मागच्याने ओतलेले पाणी आपण वापरतो आणि आपण ओतलेले पुढचा वापरेल, हे रोज सकाळी हाताने करावे लागे. घरात सहा माणसे असतील तर सहा वेळा. त्यात उपदेश नव्हता. बादली जड होती, ती उचलून वर न्यावी लागे आणि तेवढ्यात आपल्यामागे कोण उरले आहे याची आठवण होई.

विसण, घंगाळ आणि ऊन पाणी

बंबासोबत शब्दांचेही एक कुटुंब नांदत होते. बंबातून काढलेले पाणी कढत असे. ते घंगाळात घेऊन त्यात गार पाणी मिसळायचे, त्या गार पाण्याला ‘विसण’. “विसण पुरे का गं?” हा न्हाणीच्या दाराशी रोज उमटणारा प्रश्न. न्हाऊ घालणारी बाई आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहत असे, कारण तळहात कामाने घट्टे पडलेला आणि बाळाची कातडी कोवळी. आज नळाची मूठ डावी-उजवीकडे फिरवली की विसण आपोआप मिसळते आणि शब्द मात्र कोशात जातो.

पाण्याच्या तापमानाला मराठीत पायऱ्या होत्या : गार, कोमट, ऊन, कढत, उकळते. स्वयंपाकासाठी उकळायला ठेवलेले ते आधण. यातला ‘ऊन’ हा शब्द आता बहुतेकांना सूर्याशीच जोडून ठाऊक आहे. पण कोकणाच्या नकाशावर तो पाण्याचा अर्थ घेऊन अजून बसला आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे ही सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे. तिथे सरपण लागत नाही. बंब जमिनीच्या पोटात आहे.

गंमत म्हणजे ज्या ‘गीझर’ने बंबाला घराबाहेर काढले, तो शब्दही गरम झऱ्याचाच आहे. आइसलँडमध्ये ‘गेयसिर’ नावाचा उसळणारा उष्ण झरा आहे. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला झऱ्याचे ते नाव दिले. उन्हवरे काय नि गीझर काय, दोन्ही नावांत जमिनीतून फुकट येणाऱ्या गरम पाण्याचे स्वप्न आहे.

सणाकडे पाहिले तर पाण्याच्या भांड्याचा मान अधिक स्पष्ट दिसतो. कर्नाटकात नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण असतो. न्हाणीतला हंडा घासून, सजवून, भरून ठेवतात. गोव्यात आणि कोकणी घरांत तांब्याच्या ‘भाणा’ला असाच मान आहे. आपल्याकडे बंबाला माळ. पहाटेच्या अभ्यंगाची तयारी भरण्यापासून सुरू होते, तापवणे नंतर.

सर्वांत आधी उठणारी

इथवर बंबाचे गुण गायले. पण हिशेबाची दुसरी बाजू लिहिली नाही तर संशोधन अर्धेच राहील. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हायला हवे. मग उटणे, तेल, औक्षण, सगळ्यांच्या आंघोळी धरून बंब पहाटे तीन-साडेतीनला पेटवायला हवा. तो कोण पेटवी? बहुतेक घरांत उत्तर एकच : घरातली सून किंवा आई. ती पुष्कळदा स्वतः गार पाण्याने आंघोळ उरकून सोवळ्याच्या कामाला लागलेली असे. किंवा मग सगळ्यांचे झाल्यावर, विस्तव विझत आल्यावर, उरलेल्या कोमट पाण्यावर तिची पाळी येई.

दिवाळी एक दिवस. बाकीचे दिवसही काही वेगळे नव्हते. विहिरीवरून किंवा नळावरून पाणी आणणे, सरपण फोडून ठेवणे, पावसाळ्यासाठी गोवऱ्या झाकणे, राख काढणे, धूर सोसणे. ‘घ्याल तेवढे ओता’ हा नियम घरातल्या सर्वांना लागू होता खरा, पण ओतायला लागणारे पाणी हौदात आधी आणून ठेवणारी व्यक्ती त्या नियमाच्या बाहेर होती. तिने किती घेतले आणि किती ओतले, हे कोणी मोजले नाही. बंबाच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लेखांत मला ही बाई फारशी भेटत नाही. म्हणून गीझर आल्यावर तिच्या पिढीने बंब बिनदिक्कत मोडीत घातला, याचे मला नवल वाटत नाही. चांगला तांब्याचा बंब गेला म्हणून मुले हळहळतात; जिने तो वीस-पंचवीस वर्षे पेटवला ती सहसा हळहळत नाही.

गीझरमध्ये कोण ओतते?

विजेच्या गीझरचे आतले गणित पाहिले तर तिथेही ओतण्याचा नियम शाबूत आहे. गरम पाणी हलके असल्याने टाकीत वर साचते आणि वरच्या भागातून बाहेर येते. जेवढे बाहेर गेले तेवढे गार पाणी गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने खालून आत शिरते. पातळी कधी उतरत नाही, आतली कांडी उघडी पडत नाही. म्हणजे पुढच्यासाठीची बादली गीझर स्वतः ओततो आणि आपल्याला काही कळत नाही.

एक बादली तापवायला ०.४४ युनिट वीज लागते. दोन किलोवॉटचा गीझर असेल तर साधारण १३ मिनिटे. पाच जणांचे सव्वादोन युनिट. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. पण महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशावर होते आणि औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. एका युनिटमागे सुमारे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर आपल्या एका बादलीमागे ३०० ग्रॅमच्या आसपास कोळसा जळतो. बंबाला आपण सव्वातीनशे ग्रॅम जळण धरले होते. आकडे जवळपास तेच. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची वाहिनी येते. तिकडे विस्तव, इकडे आंघोळ. बंबाची नळी तेवढी लांब झाली, असे म्हणू. धूर आपल्या परसातून उठून चंद्रपूरकरांच्या अंगणात गेला आणि तिथल्या माणसाची आठवण देणारी जड बादली आपल्या हातात राहिली नाही.

खेड्यांत चित्र वेगळे आहे. गॅस घरोघर पोचला तरी पुष्कळ ठिकाणी आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. याला लोकांचा अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. गॅसच्या शेगडीवर एका बादलीला सुमारे ५५ ग्रॅम गॅस लागतो. पाच जणांच्या रोजच्या पाच बादल्या धरल्या तर १४.२ किलोंचा सिलिंडर नुसत्या आंघोळीत पन्नास दिवसांत संपतो. भाजी-भाकरीचा वेगळा. ज्या घराला सिलिंडरचे पैसे जमवावे लागतात ते घर गॅस स्वयंपाकाला राखून ठेवते आणि पाण्याला काटक्या गोळा करते. हा निर्णय चोख हिशेबाचा आहे. त्यातला धुराचा भाग मात्र पुन्हा त्याच बाईच्या वाट्याला येतो. धुराचा प्रश्न सोडवायचा तर स्वयंपाकासोबत आंघोळीच्या पाण्याचाही विचार करावा लागेल. छपरावरचा सौर बंब हा एक चांगला मार्ग आहे. गरम पाणी वर, गार पाणी खाली, हे तत्त्व तिथेही कामाला येते आणि आपल्याकडे उन्हाला तोटा नाही.

एक इशारा

जाता जाता एक गोष्ट थंडी सुरू होण्यापूर्वी सांगून ठेवतो. बंब नेहमी परसात, पडवीत किंवा वरून मोकळ्या न्हाणीत असे. त्यामागे धूर बाहेर जाण्याची सोय होती. मॉनच्या पहिल्या गॅस गीझरला जळलेला वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती आणि म्हणून तो धोक्याचा ठरला. दीडशे वर्षांनंतर आपण तीच गोष्ट लहानशा बंद स्नानगृहात करतो. गॅस गीझर बंद खोलीत चालला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि दार आतून बंद असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅस गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते शक्यच नसेल तर जळलेला वायू नळीने बाहेर सोडावा, झरोका कायम उघडा ठेवावा आणि आधी बादली भरून, गीझर बंद करून मग आंघोळीला बसावे. बंबाच्या पिढीला कार्बन मोनॉक्साइड हे नाव माहीत नव्हते, पण विस्तव कुठे ठेवावा हे ठाऊक होते.

बंब परत आणा, असे मी म्हणणार नाही. सरपण, धूर आणि पहाटे तीनचे उठणे ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी तो सोडला हे योग्यच झाले. पण त्याचा नियम सोडण्याचे काही कारण नाही. आपण घेतलेली प्रत्येक बादली कुठून तरी भरली जाते आणि कोणी तरी तिच्यासाठी विस्तव पेटता ठेवतो, मग तो परसात असो की चंद्रपुरात. यंदा नरकचतुर्दशीला घरातली सर्वांत आधी उठणारी व्यक्ती कोण आहे ते पाहावे. आदल्या रात्री तिला विचारून गजर आपल्या उशाशी लावावा, पाणी आपण तापवावे आणि तिला पहिली आंघोळ कढत पाण्याने, हवे तेवढे विसण घालून करू द्यावी. गेल्या कित्येक वर्षांच्या बादल्या ओतायच्या राहिल्या आहेत. निदान एक तरी ओतली जाईल.